स्वच्छ आणि निर्जंतुक: वऱ्हाडातील बाळंतिणीच्या खोलीचा इतिहास

अमरावतीत 'जिल्हा स्त्री रुग्णालय' असे सहसा कुणी म्हणत नाही. रिक्षावाल्याला सांगायचे ते 'डफरीन'. सामान्य रुग्णालय म्हणजे 'इर्विन', आणि त्याच नावाचा चौकही आहे. अकोल्यातील स्त्री रुग्णालयाला जुने लोक 'लेडी हार्डिंग' म्हणतात. व्हाइसरॉय गेले, त्यांच्या बायका गेल्या, पण 'पोरगी डफरीनमध्ये बाळंत झाली' हे वाक्य वऱ्हाडात टिकून आहे. ही नावे कुठून आली हे पाहायला गेलो, की नर्सिंगच्या रोजच्या कामातल्या एका शिस्तीचा इतिहास हाती लागतो. हात धुणे, हत्यारे उकळणे, निर्जंतुक वस्तूला फक्त निर्जंतुक वस्तूनेच शिवणे, ही ती शिस्त. ही शिस्त व्हिएन्ना आणि ग्लासगोहून निघाली आणि मेळघाटातल्या पाड्यापर्यंत पोचायला तिला शंभराहून अधिक वर्षे लागली. एवढा वेळ का लागला, हा या लेखाचा प्रश्न आहे.

आधी जुनी बाळंतिणीची खोली कशी होती ते पाहू. घरातली सर्वांत अंधारी, वारा न लागणारी खोली. जमीन शेणाने सारवलेली. बाजेवर जुनेरे, कारण बाळंतपणात वापरलेले कापड पुढे टाकूनच द्यायचे. बाजेखाली शेगडी. नाळ कापायला विळा किंवा घरातले कुठलेही पाते, बांधायला दोरा. नाळेच्या टोकाला राख, हळद, तेल, कधी काजळी. हे सगळे करणारी सुईण बहुधा गावकुसाबाहेरची असे. बाळंतपण म्हणजे विटाळ, आणि विटाळाचे काम खालच्या मानलेल्या जातीतल्या स्त्रीचे, अशी ती वाटणी होती.

या वाटणीत एक मोठी विसंगती आहे आणि तिच्याकडे फारसे कुणी लक्ष दिलेले नाही. बाळंतिणीला दहा दिवस कुणी शिवायचे नाही, ही रूढी रोगाच्या दृष्टीने काही अंशी सोयीचीच म्हणावी लागेल, कारण येणाऱ्या-जाणाऱ्यांचे हात आई-बाळाला लागत नसत. पण त्या दोघांना सर्वांत जवळून, सर्वांत नाजूक वेळी हात लावणारी बाई मात्र अशी, की जिला गावच्या विहिरीवर पाणी भरायची मुभा नव्हती. 'हात धुवा' हा उपदेश नंतर शंभर वर्षे सुईणीला केला गेला. तो करणाऱ्यांनी पाणी कुणाच्या विहिरीचे, हे क्वचितच विचारले.

या खोलीतून दोन आजार निघत. एक आईचा. बाळंतपणानंतर दोन-तीन दिवसांनी थंडी वाजून ताप, पोटात दुखणे, दुर्गंधी आणि बऱ्याचदा मृत्यू. याला सूतिकाज्वर म्हणतात. दुसरा बाळाचा. जन्मल्यावर दोन दिवस बाळ छान दूध ओढते. मग साधारण तिसऱ्या दिवसापासून पुढे, बहुधा पहिल्या आठवड्याच्या अखेरीस, त्याला तोंड उघडता येईना होते, जबडा आवळतो, अंग धनुष्यासारखे ताठ होते. हा धनुर्वात. आपल्याकडे पाचवी पुजतात, सहाव्या रात्री सटवाई बाळाच्या कपाळी लेख लिहिते असे मानतात, आणि नाव ठेवायचे ते बाराव्या दिवशी. या रिवाजांचा उगम सांगणे आमच्या आवाक्यातले नाही. पण धोक्याचे दिवस आणि जागरणाचे दिवस इतके जुळतात, की अनेक पिढ्यांच्या आयांनी काहीतरी मोजून ठेवले होते असे वाटल्याशिवाय राहत नाही. त्यांना 'केव्हा' हे कळले होते. 'कशाने' हे कळायला सूक्ष्मदर्शक लागला.

व्हिएन्नातले सुशिक्षित हात

अडाणी सुईणीमुळे बायका मरतात, असा समज करून घेण्यापूर्वी व्हिएन्नाची गोष्ट आठवावी. तिथल्या मोठ्या रुग्णालयात बाळंतपणाचे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी. १८४६ साली पहिल्या विभागात शंभरातल्या अकरा-बारा बाळंतिणी दगावल्या, दुसऱ्यात तीनपेक्षाही कमी. म्हणजे सुईणींचे हात डॉक्टरांच्या हातांपेक्षा सुरक्षित होते! इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टराला हे कोडे छळत होते. १८४७ साली त्याचा एक सहकारी शवविच्छेदन करताना बोटाला सुरी लागून मेला, आणि त्याची लक्षणे बाळंतिणींसारखीच होती. तेव्हा उलगडा झाला. विद्यार्थी शवविच्छेदनाच्या टेबलावरून सरळ बाळंतिणीकडे येत. सुईणी शवांना हात लावत नसत.

सेमेलवाइसने दारात क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याचे भांडे ठेवले आणि हात धुतल्याशिवाय आत यायचे नाही असे फर्मावले. एप्रिल १८४७ मध्ये त्या विभागातला मृत्यूंचा दर १८ टक्क्यांवर होता. जूनमध्ये तो दोन टक्क्यांच्या आसपास आला. साबणाने धुतलेले हात दिसायला स्वच्छच होते, हे इथे महत्त्वाचे आहे. त्यांना वास मात्र येई, म्हणून सेमेलवाइसने वास घालवणारे रसायन निवडले. जंतूंची कल्पना त्याच्याकडे नव्हती. बहुतेक वरिष्ठ डॉक्टरांना मात्र आपले हात मृत्यू वाहून नेतात हे मान्य झाले नाही. सभ्य गृहस्थाचे हात घाण कसे असतील? १८६५ साली सेमेलवाइस वेड्यांच्या इस्पितळात मेला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८६७ मध्ये, ग्लासगोतल्या जोसेफ लिस्टरने कार्बॉलिक आम्लाने जखमा धुण्याची पद्धत प्रसिद्ध केली. लिस्टरकडे पाश्चरचे जंतू होते, म्हणून त्याचे म्हणणे हळूहळू पटले.

पुढची पंचवीस वर्षे मोठ्या वेगाची होती. १८७९ मध्ये पाश्चरचा सहकारी शांबरलां याने दाबाखालच्या वाफेचे पात्र बनवले. तोच आजचा ऑटोक्लेव्ह. १८८९ मध्ये कितासातोने धनुर्वाताचा जंतू वेगळा वाढवून दाखवला. त्याच सुमारास अमेरिकेत हालस्टेडने आपल्या शस्त्रक्रियागृहातील एका परिचारिकेसाठी रबरी हातमोजे बनवून घेतले. कारण रुग्णाचे रक्षण हे नव्हतेच. जंतुनाशक द्रावणाने तिच्या हातांची आग होत होती. रुग्णालाही त्याचा फायदा होतो, हे नंतर ध्यानात आले.

या काळातच विचारात एक मूलभूत बदल झाला. लिस्टरची पद्धत होती, जंतू आले की रसायनाने मारायचे. नवी पद्धत म्हणाली, जंतू येऊच द्यायचे नाहीत. शस्त्रक्रियेपूर्वी कापड, हत्यारे, दोरा सगळे वाफेत निर्जंतुक करून ठेवायचे आणि मग ते तसेच राहील याची काळजी घ्यायची. पहिले काम औषधाचे, दुसरे शिस्तीचे. ही शिस्त राखण्याचे काम हळूहळू परिचारिकेकडे आले.

परिटाची भट्टी

'स्वच्छ' आणि 'निर्जंतुक' यांतला फरक वर्गात सांगायला वऱ्हाडात परिटाच्या भट्टीइतके चांगले उदाहरण नाही. जुन्या पद्धतीत परीट कपडे खारात भिजवून भट्टीवर रचत आणि रात्रभर वाफेवर ठेवत. खार आणि वाफ यांनी मळ सुटे आणि बहुतेक जंतूही मरत. पण मग ते कपडे नदीत आपटले जात, काठावरच्या गवतावर वाळत घातले जात, गुरे हिंडत त्या जमिनीवर. संध्याकाळी घरी आलेला कपडा पांढराशुभ्र असे, पण निर्जंतुक नसे. धनुर्वाताच्या जंतूचे बीजाणू मातीत आणि गुराढोरांच्या शेणात असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि पांढऱ्या कपड्यावर तर मुळीच दिसत नाहीत.

परिटाच्याच घरात १८७६ साली, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी, डेबूजी जन्मला. तेच पुढे गाडगेबाबा झाले. ऋणमोचनच्या यात्रेत पूर्णेकाठी, आणि नंतर महाराष्ट्रभर, हातात खराटा घेऊन त्यांनी आधी गाव झाडले आणि मग कीर्तन केले. १९५६ साली त्यांचे निधन झाले तेही अमरावतीजवळ वलगावला. स्वच्छता हे विटाळ-सोवळ्याशी जोडलेले काम नसून सगळ्यांनी करायचे काम आहे, हे त्यांनी हाताने करून दाखवले. आमच्या मते वऱ्हाडाने या विषयाला दिलेले हे सर्वांत मोठे योगदान आहे, कारण विटाळ आणि रोग या दोन कल्पना एकमेकींपासून सुट्या झाल्याशिवाय पुढचे काहीच शक्य नव्हते. सोवळे नेसलेला हात शुद्ध मानला जाई. तो निर्जंतुक असेलच असे नाही.

मात्र खराट्याने नाळ वाचत नाही. झाडलेल्या, सारवलेल्या, दिसायला प्रसन्न खोलीतही बीजाणू असतातच. सारवायला शेणच वापरले असेल तर अधिकच. इथे स्वच्छतेच्या पलीकडचे काहीतरी लागते.

डफरीन फंड आणि सुईणींचे वर्ग

१८८१ साली पन्नाच्या महाराणीने आपल्यावर उपचार करणाऱ्या एलिझाबेथ बील्बी या डॉक्टरीणबाईंकरवी राणी व्हिक्टोरियाला निरोप पाठवला, की हिंदुस्थानातल्या बायका बाळंतपणात फार सोसतात. १८८५ मध्ये लेडी डफरीन यांच्या पुढाकाराने स्त्रियांना स्त्री-डॉक्टरांकडून उपचार मिळावेत म्हणून निधी उभा राहिला. देशभर त्या नावाची रुग्णालये झाली, ती अशी. वऱ्हाड त्या वेळी निजामाचा, पण १८५३ पासून कारभार इंग्रजांचा. १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडला गेला. कापसाच्या पैशावर अमरावती-अकोला ही शहरे वाढत होती, त्यामुळे दवाखाने आले. गावे मात्र सुईणीवरच होती.

म्हणून १९०३ साली लेडी कर्झन यांनी दुसरा निधी काढला. सुईणींनाच शिकवायचे, असा त्याचा हेतू. पंधरा वर्षांनी, १९१८ मध्ये, या कामाचा आढावा पुस्तकरूपाने निघाला. त्यात देशभरातल्या डॉक्टरीणबाईंचे अनुभव आहेत आणि एक तक्रार पुन्हापुन्हा येते. शिकवलेली सुईण गावी गेली की जुन्याच वळणावर जाते.

ही तक्रार खोटी नव्हती, पण अपुरी होती. सुईणीला मिळे धान्य, लुगडे, थोडे पैसे. त्यातून तिने साबण, कात्री, जंतुनाशक आणायचे होते. पाणी उकळायचे तर सरपण घरधन्याने द्यायला हवे. आणि वऱ्हाडात तर पाण्याचीच पंचाईत. पूर्णेच्या खोऱ्यातला, अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतला मोठा पट्टा 'खारपाणपट्टा' म्हणून ओळखला जातो. तिथे विहीर खणली तर पाणी लागते, पण खारे. रसायनशास्त्र शिकवणाऱ्यांना ठाऊक आहे, की साबण तयार करताना तो द्रावणातून वेगळा काढायचा असेल तर मीठ घालतात. खाऱ्या पाण्यात नेमके हेच उलट्या जागी घडते. साबण विरघळत नाही, फेस येत नाही. शिवाय कॅल्शियम-मॅग्नेशियम असेल तर साबणाचा चिकट साका हातावरच बसतो. 'साबणाने हात धुवा' असे पत्रक छापणाऱ्याने दर्यापूरकडच्या विहिरीचे पाणी एकदा हातावर घेऊन पाहायला हवे होते.

चिमटा खाली पडला

त्या काळात एक घटना घडली, जी प्रत्येक नर्सिंगच्या विद्यार्थिनीला सांगावी असे आम्हाला वाटते. मुंबईला परळच्या प्रयोगशाळेत वाल्देमार हाफकिन प्लेगची लस बनवत. वऱ्हाडासह देशात प्लेगच्या साथी फिरत होत्या आणि लसीच्या बाटल्या परळहून दूरदूर जात. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावी १०७ जणांना लस टोचली. त्यांपैकी एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण काही दिवसांत धनुर्वाताने मेले. आरोप थेट हाफकिनवर आला. त्याने बाटल्या निर्जंतुक करताना कार्बॉलिक आम्लाऐवजी उष्णतेवर भर दिला होता, आणि तोच दोष ठरवला गेला. त्याला कामावरून दूर केले.

पुढे चौकशीतून पुढे आले ते असे. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो त्याने नुसता जंतुनाशकात बुडवून काढला आणि त्याच चिमट्याने बूच ओढले. बाकीच्या बाटल्यांतून टोचलेल्यांना काही झाले नव्हते. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटनेही, दूषण बाटली उघडताना झाले असण्याची शक्यताच अधिक, असे मत दिले. रोनाल्ड रॉससारखे शास्त्रज्ञ हाफकिनच्या बाजूने उभे राहिले आणि तो दोषमुक्त झाला. परळच्या त्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्याचे नाव मिळाले.

चिमटा स्वच्छ दिसत असणार. धुतला तर होताच. पण धनुर्वाताचा बीजाणू जंतुनाशकात क्षणभर बुडवून मरत नाही. तो साध्या उकळत्या पाण्यातही वीस मिनिटे तग धरू शकतो. त्याला मारायला दाबाखालची वाफ लागते. चौरस इंचाला १५ पौंड जास्त दाब, १२१ अंश सेल्सियस तापमान आणि निदान पंधरा ते वीस मिनिटे.

इथे भूगोलही आडवा येतो. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १११८ मीटर उंच. तिथे पाणी १०० अंशांना नव्हे, साधारण ९६ अंशांनाच उकळते. म्हणजे मेळघाटच्या माथ्यावर उघड्या भांड्यात कितीही वेळ उकळले तरी अमरावतीइतकेही तापमान मिळणार नाही. प्रेशर कुकरसारखे बंद पात्र हाच उपाय. त्यातही एक मेख आहे. आतली हवा पूर्ण बाहेर काढल्याशिवाय झडप बंद केली, तर दाबाचा काटा १५ दाखवतो, पण तापमान १२१ ला पोचत नाही, कारण दाबातला काही वाटा हवेचा असतो. वाफ गार वस्तूवर पाणी होऊन बसते तेव्हा ग्रॅममागे सुमारे ५४० कॅलरी उष्णता देते, आणि ओलाव्यात जंतूंची प्रथिने लवकर गोठतात. कोरड्या भट्टीत तेच काम करायला १६० अंशांना दोन तास लागतात. म्हणून काट्यावर विश्वास न ठेवता आधी हवा जाऊ द्यायची, ही गोष्ट ऑटोक्लेव्ह चालवणाऱ्या सिस्टरला भौतिकशास्त्राच्या पदवीधराइतकीच नीट कळलेली असते.

सिस्टरचे नियम

शस्त्रक्रियागृहात नव्याने आलेल्या विद्यार्थिनीला नियमांची सरबत्ती ऐकावी लागते आणि ते नियम सोवळ्यासारखे वाटतात. पण सोवळ्याला कारण विचारता येत नाही, इथे प्रत्येकाला कारण आहे. हात घासताना बोटे वर, कोपर खाली. का? पाणी स्वच्छ केलेल्या बोटांकडून कमी स्वच्छ कोपराकडे वाहायला हवे, उलटे नको. बरणीतल्या जंतुनाशकात ठेवलेला लांब चिमटा उचलायचा तर टोक खालीच ठेवायचे. टोक वर केले की द्रावण मुठीपर्यंत जाते आणि टोक खाली करताच मुठीवरचे जंतू घेऊन परत येते. निर्जंतुक चादर ओली झाली की ती बाद. खालच्या टेबलावरचे जंतू ओलाव्यातून केशाकर्षणाने वर चढतात, दिव्याची वात तेल ओढते तसे. कमरेखाली गेलेला हात अशुद्ध, कारण तो नजरेआड गेला. ट्रेकडे पाठ करायची नाही, त्याच कारणाने. आणि शंका आली की ती वस्तू निर्जंतुक नाही असेच समजायचे.

हा शेवटचा नियम सर्वांत अवघड. शंका सिस्टरला येते, मोठ्या डॉक्टरांच्या हातमोज्याविषयी. 'सर, तुमचा हात दिव्याला लागला' हे वाक्य उच्चारायला धीर लागतो. सेमेलवाइसला जे सभ्य गृहस्थांना सांगता आले नाही, ते विशी-बाविशीच्या मुलीने रोज सांगावे अशी ही व्यवस्था अपेक्षा करते. ज्या रुग्णालयात ते वाक्य ऐकून डॉक्टर मुकाट्याने हातमोजे बदलतात, तिथे जखमा कमी चिघळतात.

नाळ

स्वातंत्र्यानंतर प्राथमिक आरोग्य केंद्रे आली, त्यांच्याबरोबर 'नर्सबाई' आली. बाळंतपणाचे शहाणपण पाच गोष्टींत बसवले गेले. स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ पाते, स्वच्छ दोरा आणि नाळेच्या टोकाला काही न लावणे. सुईणींना छोटी पाकिटे वाटली गेली, त्यांत साबण, नवे पाते, दोरा, प्लास्टिकचा तुकडा.

चौकस वाचक इथे विचारेल, की उकळूनही बीजाणू मरत नसतील तर नव्या पात्याने आणि साबणाने काय साधते? प्रश्न रास्त आहे. उत्तर असे, की कागदात गुंडाळलेल्या नव्या पात्याला माती किंवा शेण लागलेलेच नसते. धुतल्याने बीजाणू मरत नाहीत, पण वाहून जातात. चुलीतली ताजी राख स्वतः निर्जंतुकच असते. ती डब्यात ठेवली, जमिनीवरून उचलली, की मग नाही. म्हणून 'काही लावू नका' हा नियम. नाळ कोरडी राहिली तर आपोआप गळून पडते.

या सगळ्याला जोड मिळाली लसीची. गरोदर आईला धनुर्वाताची लस दिली, की तिच्या रक्तातली प्रतिद्रव्ये वारेतून बाळात जातात आणि जन्मानंतरचे धोक्याचे आठवडे त्याचे रक्षण करतात. देशात लसीकरणाचा विस्तारित कार्यक्रम १९७८ मध्ये आणि सार्वत्रिक कार्यक्रम १९८५ मध्ये सुरू झाला. पण लस टोचणारी काचेची पिचकारी आणि सुई नर्सबाई गावात स्टोव्हवर उकळत असे, एकामागून एक. कावीळ-ब आणि १९८६ नंतर एचआयव्ही यांनी त्या उकळण्यातला धोका दाखवून दिला. पुढे एकदा वापरून निकामी होणाऱ्या पिचकाऱ्या आल्या. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून माता व नवजात धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे मान्य केले. उच्चाटन म्हणजे रोग शून्य नव्हे. प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकापेक्षा कमी रुग्ण, असा त्याचा अर्थ. बीजाणू मातीत आहेत तसेच आहेत. पऱ्हाटीचा खुंट पायात घुसलेल्या शेतकऱ्याला ते आजही गाठू शकतात.

मेळघाटाची गोष्ट याहून गुंतागुंतीची. धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतल्या कोरकू पाड्यांतून बालमृत्यूंच्या बातम्या १९९० च्या दशकापासून येत राहिल्या. कुपोषणाचा बोलबाला झाला, तो योग्यच. पण कमी वजनाचे बाळ शेवटी बऱ्याचदा जंतुसंसर्गाने जाते. पोट फुगले म्हणून तापल्या लोखंडाने पोटाला चटके देण्याची चाल तिथे आहे. त्या प्रत्येक चटक्याची जखम म्हणजे जंतूंना उघडलेले एक दार. यावर 'अंधश्रद्धा' असा शिक्का मारणे सोपे आहे. बैरागडला जाऊन राहिलेल्या डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी शिक्का मारण्याऐवजी तिथेच दवाखाना चालवला. चटके देणारी आजी बाळ वाचवायलाच धडपडत असते, आणि जवळ दुसरे कुणी नसेल तर ती दुसरे काय करणार?

दुसरे कुणी असेल तर काय होते, हे विदर्भातच सिद्ध झाले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांतल्या स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. हात धुणे, बाळ उबदार ठेवणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखणे आणि प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू, तुलनेसाठी घेतलेल्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. १९१८ च्या अहवालात गावातली बाई शिकवूनही उपयोग नाही असा सूर होता. इथेही गावातलीच बाई होती. फरक एवढा, की तिला सामान दिले, मोबदला दिला आणि दर पंधरा दिवसांनी कुणीतरी तिची विचारपूस करायला आले. २०११ पासून आशा कार्यकर्तींमार्फत घरोघरी नवजात-काळजीचा कार्यक्रम देशभर सुरू झाला, तो याच धर्तीवर.

आता बाळंतपणे रुग्णालयांत होतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये महाराष्ट्रातल्या सुमारे ६५ टक्के प्रसूती दवाखान्यात होत, २०१९-२१ मध्ये जवळजवळ ९५ टक्के. मात्र जंतूही माणसांबरोबर घर बदलतात. नवजात अतिदक्षता कक्षांत आज डॉक्टरांची झोप उडवतात ते क्लेबसिएला आणि असिनेटोबॅक्टर, अनेक प्रतिजैविकांना दाद न देणारे. ते मातीतून येत नाहीत. एका पाळण्याकडून दुसऱ्या पाळण्याकडे जाणाऱ्या हातांवरून येतात. म्हणजे आपण पुन्हा व्हिएन्नाच्या पहिल्या विभागात आलो. एका परिचारिकेकडे किती बाळे, यावर तिला दोन बाळांच्या मध्ये हात चोळायला अर्धा मिनिट मिळतो की नाही हे ठरते. फेब्रुवारी २०२१ मध्ये करोनाची दुसरी लाट राज्यात प्रथम जोराने दिसली ती अमरावतीत. तेव्हा सॅनिटायझरची बाटली घराघरांत पोचली. आता ती कोपऱ्यात पडून सुकली असेल. अल्कोहोल बहुतेक जंतूंना मारते, पण धनुर्वाताच्या बीजाणूला नाही, आणि मातीने माखलेल्या हातांवर ते नीट कामही करत नाही. तिथे पाणीच हवे. अकोल्यात काटेपूर्णा धरणाचे पाणी नळाला रोज येत नाही, काही दिवसांआड येते, हे इथे आठवावे.

वर्गासाठी एक प्रयोग सुचवून थांबतो. बटाटा उकडून, सुरी उकळत्या पाण्यात बुडवून, त्याच्या चार चकत्या करा. एकीला कुणीही हात लावायचा नाही. दुसरीला मधल्या सुट्टीत खेळून आलेल्या मुलाने बोट लावायचे. तिसरीला नुसत्या पाण्याने हात धुऊन, चौथीला साबणाने नीट वीस सेकंद हात चोळून आणि धुऊन. प्रत्येक चकती वेगळ्या पारदर्शक पिशवीत घालून तोंड घट्ट बंद करा, चिठ्ठी लावा आणि कपाटात पाच-सहा दिवस ठेवा. खारपाणपट्ट्यातल्या शाळांनी पाचवी चकती घेऊन, विहिरीचे पाणी आणि साबण असाही प्रयोग करून पाहावा. आम्हाला त्याच्या निकालाची उत्सुकता आहे. रोज मुलांकडून चित्र काढून घ्या. पहिल्या चकतीवरही काही उगवले तर घाबरू नका. सुरी, हवा की पिशवी, कुठून आले असेल यावर वाद होऊ द्या. मात्र पिशव्या उघडायच्या नाहीत. प्रयोग संपल्यावर त्या बंदच ठेवून पाण्याच्या भांड्यात बुडवाव्यात, मोठ्यांच्या देखरेखीखाली अर्धा तास उकळाव्यात आणि मगच टाकाव्यात.